आठ नंबरचा ट्रायपॉड

नंबरकाकांना माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नसत. बुटांच्या दुकानात सगळी उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या पायाशी बसून गेली की असं व्हायचंच. रस्त्यात समोरून कोणी हात हलवत आलं, की काका आधी ओळखीचं गोड हसून घेत, मग नजर हळूच खाली सोडत, आणि खाली खात्री पटली की मगच तोंड उघडत. "अरे, तू होय," हे ते नेहमी समोरच्याच्या घोट्याला उद्देशून म्हणत. बायकोला पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हाही त्यांची मान खालीच होती. मुलगा लाजरा आहे, विनयशील आहे, म्हणून सासरची मंडळी भलतीच खूश झाली. हा विनयशील मुलगा त्या वेळी मनातल्या मनात "पाच नंबर, पण पंजा रुंद" एवढंच म्हणत होता, हे बायकोला लग्नानंतर कळलं. तोवर उशीर झाला होता.

नंबरकाका हे नाव मालकांनी पाडलेलं. गिऱ्हाईक दाराशी पायपुसण्यावर पाय घासत असतानाच काका आतून "सात" किंवा "नऊ, डावा किंचित मोठा" असं पुटपुटत, आणि ते बरोबर निघे. नाव इतकं घट्ट बसलं की सख्ख्या भाच्यांनाही मामाचं खरं नाव पटकन आठवेना.

पण पाय ही काकांची पोटापाण्याची बाजू झाली. त्यांचा जीव होता फोटोत.

हा नाद त्यांना लागला तो मेहुण्यामुळे. मेहुण्याने एक अगडबंब कॅमेरा घेतला, त्याचा दुसऱ्या महिन्यात कंटाळा केला, आणि "तुम्हीच वापरा, दाजी" म्हणून तो काकांच्या गळ्यात घातला. अक्षरशः गळ्यातच. काका तो घेऊन दुकानात गेले, पहिल्याच गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायला वाकले, आणि कॅमेऱ्याने झोका घेऊन गिऱ्हाइकाच्या गुडघ्याच्या वाटीवर असा काही टोला दिला की तो गृहस्थ त्या दिवशी बूट न घेता, पण लंगडत गेला. संध्याकाळपर्यंत काकांचीही मान आखडली. घरी आल्यावर बायकोने शेक द्यायला घेतला आणि एवढंच म्हणाली, की दादाच्या वस्तू दादासारख्याच, अंगावर पडतात.

कॅमेरा परत गेला, पण नाद राहिला. काकांनी मग स्वतःसाठी एक कॅमेरा घेतला. साबणाच्या वडीएवढा. त्याची लेन्सही अशी चपटी, की चहाबरोबर बशीत ठेवली तर पाहुणा उचलून तोंडात घालेल. वजन म्हणाल तर शर्टाच्या खिशात टाकल्यावर खिसा नुसता विचारात पडल्यासारखा किंचित खाली येई, इतकंच. आणि या वडीने काकांना एक गोष्ट शिकवली. मोठा कॅमेरा बाहेर काढला, की माणसं पोट आत घेतात, हनुवटी वर करतात आणि आपण नसलेलं काहीतरी होऊन बसतात. लहान कॅमेऱ्याकडे कोणी लक्षच देत नाही. पोटं जागच्या जागी राहतात. काकांना पोटं जागच्या जागी असलेलीच आवडत.

आता लहान कॅमेऱ्याला हात स्थिर लागतो, आणि काकांचे हात दिवसभर नाड्या ओढून संध्याकाळी थरथरत. तिवई, म्हणजे ट्रायपॉड, घ्यायची म्हटलं तर पुन्हा वजन आलं. म्हणून काकांनी दुकानातल्याच वस्तूंना कामाला लावलं. एका बिनजोडीच्या मोज्यात वाटाणे भरून त्याचं तोंड शिवून टाकलं. हा मोजा कुठेही ठेवावा आणि त्यात कॅमेरा दाबून बसवावा, तो आजोबांच्या मांडीवर नातू बसावा तसा निवांत बसे. एकदा घरात किराणा आला नव्हता आणि पाहुणे आले होते, तेव्हा बायकोने मोजा उसवून वाटाणे शिजवले. पाहुणे तृप्त होऊन गेले. त्या दिवशी आपण सगळ्यांनी ट्रायपॉड खाल्ला, हे काकांना दुसऱ्या दिवशी कळलं.

मग त्यांनी नाडीचा प्रयोग केला. कॅमेऱ्याच्या बुडाला एक स्क्रू, स्क्रूला लांब नाडी, नाडीचं दुसरं टोक स्वतःच्या बुटाखाली. कॅमेरा वर ओढून नाडी ताणून धरली की हात जरासुद्धा हलत नाही. युक्ती झकास होती. फक्त फोटो काढून झाल्यावर पाय उचलायच्या आधी नाडी आठवायला हवी होती. बागेत काका दोनदा असे तोंडावर आपटले, की बाकावरच्या एका आजीबाईंनी "पतंगाला अजून वारा नाही हो" म्हणून त्यांची समजूत घातली.

शेवटी काका आपल्या दैवताकडे वळले. बूट. कॅमेरा बुटाच्या तोंडात ठेवला, की दोन्ही बाजूंनी आधार, मागून टाच, पुढून जीभ. वर बघायचं असेल तर बुटाचं नाक वर करा, खाली बघायचं तर उंच टाचेचा घ्या. गवतात खिळ्यांचा खेळाडूंचा बूट, चिखलात गमबूट. चपलेला मात्र काकांच्या लेखी किंमत नव्हती. चपलेला बाजूच नसतात, तिच्यावर कोण भरवसा ठेवणार, असं ते कळवळून सांगत.

एवढं सगळं असून काकांच्या मनात एक सल होता, आणि तो होता शहरातल्या छायाचित्र मंडळाचा.

मंडळ वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. स्वभावाने देवमाणूस, पण व्यवसायामुळे सवय अशी की प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत राहायचं, कारण समोरच्याच्या तोंडात काहीतरी आहे असंच ते गृहीत धरत. त्यांच्या सामानाच्या बॅगेला चाकं होती. लेन्स तर एवढी की तिला लहान मुलासारखं दोन्ही हातांनी उचलून घ्यावं लागे. मंडळ पक्षी टिपायला बाहेर पडलं, की सगळ्यांच्या तिवया उघडून, पाय रोवून, लेन्सा चढवून होईपर्यंत पक्षी निघून गेलेला असे. काकांचं तोवर चार फोटो काढून, डबा खाऊन, एक डुलकी काढून झालेलं असे.

मंडळाचं वर्षातून एकदा प्रदर्शन असे. प्रत्येक सभासदाने एक फोटो द्यायचा, त्यातले चांगले अध्यक्ष निवडून भिंतीवर लावायचे. काकांचा फोटो दरवर्षी परत येई. अध्यक्ष तो स्वतः आणून देत, खांद्यावर हात ठेवत, आणि कीड लागलेल्या दाढेबद्दल सांगावं तशा हळुवार आवाजात म्हणत, "कल्पना छान आहे. जरा मोठं साहित्य घ्या आता."

परत आलेले फोटो बायको स्वयंपाकघरात लावी. ओट्यावरची भिंत भरली होती, फ्रिजचं दार भरलं होतं. ती म्हणे, एवढी भिंत आहे की माझी, अजून काय हवं. काकांना ते पटत नसे. घरच्या भिंतीला भिंत म्हणायचं नाही, असं त्यांचं मत होतं. आपल्या फोटोसाठी दुसऱ्या कोणीतरी खिळा ठोकला पाहिजे. एकदाच. मग डोळे मिटायला आपण मोकळे. यावर बायको म्हणे, आधी पंख्याचा खिळा ठोका, तो कधीचा हलतोय.

या वर्षी मात्र काकांना तो फोटो मिळाला. निदान त्यांना तसं वाटलं.

त्याचं असं झालं. दुकानात गिऱ्हाईक असेपर्यंत कॅमेरा हातात धरायचा नाही, ही मालकांची अट होती, आणि गुडघ्याचा तो टोला पाहिलेल्या माणसाने घातलेली ही अट रास्तच होती. पण त्या छोट्या कॅमेऱ्यात एक सोय होती. तो एकदा चालू करून ठेवला, की थोड्या थोड्या वेळाने आपणहून एकेक फोटो काढत राही. काका सकाळीच मांडणीवरच्या एखाद्या बुटात कॅमेरा बसवून देत आणि आपल्या कामाला लागत. कोणाचा फोटो चांगला आला तर त्याला दाखवून विचारत, नको म्हणाला तर पुसून टाकत. अजून कोणी नको म्हटलं नव्हतं, कारण बहुतेक फोटोंत घोट्याच्या वर कोणी आलंच नव्हतं.

त्या दिवशी कॅमेरा एका तपकिरी बुटात होता. पुरुषाचा बूट, आठ नंबर, पुढे बारीक भोकांची नक्षी, त्या मालातला शेवटचा जोड. आणि दुकानात आल्या दोन सख्ख्या बहिणी, दोघी साठीच्या पुढच्या. दोघींना एकच लाल बूट आवडला, दोघींचा नंबर एक, आणि जोडही एकच. थोरलीने उजवा घातला, धाकटीने डावा घातला, आणि आता काढायला कोणी तयार होईना. "तू लहानपणीही माझाच फ्रॉक घालायचीस." "आणि तू तो मुद्दाम भिजवून ठेवायचीस." असं बोलता बोलता दोघी एका लाल पायावर उभ्या राहून, एकमेकींचा दंड धरून, अशा हसत सुटल्या की खुर्ची मागे पडली. काका त्यांच्या पायाशी बसले होते. त्यांनी चोरून तपकिरी बुटाकडे पाहिलं. कॅमेऱ्याचा बारीक दिवा त्याच क्षणी लुकलुकला.

मिळाला, काकांच्या मनाने म्हटलं. खिळा ठोकला गेला.

पण गिऱ्हाईक समोर, अट डोक्यावर. मालकांनी काकांना लाल बुटाचा दुसरा जोड शोधायला माळ्यावर पिटाळलं. तिथे खोकी उपसून, धूळ खाऊन, जोड शोधून काढून काका खाली आले, बहिणींना एकेक जोड दिला, आणि वळून बघतात तर मांडणीवर तपकिरी बूट नाही.

इथे वादळताईंची ओळख करून द्यायला हवी. बिल करणं आणि बांधून देणं ही त्यांची कामं, आणि त्या इतक्या झपाट्याने करत की गिऱ्हाईक "हे जरा" म्हणेपर्यंत खोक्याला दोरी पडलेली असे. पुष्कळदा लोकांना नुसते बघायला घेतलेले बूट घरी गेल्यावर आपलेच झालेले आढळत.

"ते तपकिरी? गेले की," वादळताई अभिमानाने म्हणाल्या. "शेवटचा जोड होता, खपवून टाकला."

"आत बघितलं नाही?"

"डाव्यात काहीतरी काळं कोंबलेलं होतं. मला वाटलं तुम्ही कागद भरून ठेवलाय, म्हणून उजव्यातच भरला."

काकांना मटकन खाली बसावंसं वाटलं. पण ते आधीच खाली बसलेले होते, चाळीस वर्षांची सवय. कोणी नेले, याची चौकशी झाली. एक बाई होत्या. कशा दिसायला? घाईत होत्या. घाईत त्या होत्या की तुम्ही? यावर वादळताईंनी थोडा विचार केला आणि दोघीही, असं प्रामाणिकपणे सांगितलं.

फोटो द्यायची मुदत येत्या रविवारची होती.

घरी काकांनी चहात मीठ घातलं आणि तो चहा न कुरकुरता पिऊन टाकला. बायकोला तेव्हाच कळलं की प्रकरण साधं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसरा फोटो काढा, माझा मोबाइल घ्या, असं सुचवलं. काकांनी मोबाइल तीन बुटांत उभा करून पाहिला. तिन्हीतून तो घसरून पालथा पडला. मोबाइलला कंबरच नाही, असं ते हताश होऊन म्हणाले.

"अहो, तुमचा फोटो कुठे लागला नाही म्हणून या घरात तुमचं काही अडलंय का कधी?" बायकोने विचारलं.

"नाही गं."

"मग?"

"एकदा लागायला हवा, बस्स. तुला घेऊन तिथे जायचंय आणि आपल्याला काही माहीतच नाही असं दाखवून त्याच्यासमोरून चालत जायचंय."

दुसऱ्या दिवशी बायकोने डबा नेहमीपेक्षा मोठा दिला आणि "आधी पोट भरा, मग पाय बघा" असं सांगून त्यांना शोधाला पाठवलं.

काकांचा शोध सोपा होता, म्हणजे त्यांना तसा वाटला. बाईंनी पुरुषाचा आठ नंबर नेला, म्हणजे शहरात कुठेतरी एक आठ नंबरचा पुरुष नक्षीदार तपकिरी बूट घालून हिंडतो आहे. तो सापडला की झालं. जेवणाच्या सुट्टीत काका बसथांब्यावर उभे राहिले, मान खाली घालून. काही वेळाने एका सज्जनाने विचारलं, काही पडलंय का तुमचं. काकांनी घाईत हो म्हटलं. सज्जन वाकून शोधू लागले. त्यांना पाहून आणखी दोघं वाकली. बस आली तेव्हा थांब्यावरची सगळी रांग ओणवी होती, आणि काय शोधतोय हे एकालाही माहीत नव्हतं. ड्रायव्हर खाली उतरून शोधायला लागला तेव्हा काकांनी काढता पाय घेतला.

पुढच्या दिवशी त्यांना खरोखर एक तपकिरी बूट दिसला. नक्षी तीच. बूट गर्दीतून वाट काढत एका केशकर्तनालयात शिरला, म्हणून काकाही शिरले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. पण खुर्ची वर केलेली, अंगावर कापड, मान न्हाव्याच्या ताब्यात. खाली बघायला वाकले की न्हावी मान सरळ करी. काका पुन्हा वाकत, न्हावी पुन्हा सरळ करी, आणि दर खेपेला कात्री भलत्याच जागी लागे. शेवटी तो बूट खुर्चीवरून उतरला तेव्हा तो नऊ नंबरचा निघाला. काका घरी आले ते डोक्याची पार ओसाड जमीन करून. बायकोने दार उघडलं, बघितलं, आणि कोण हवंय असं विचारलं.

गुरुवारी बागेत बाकावर एक गृहस्थ बूट काढून पाय पसरून झोपले होते. बूट तपकिरी. नंबर, काकांच्या नजरेला, आठ. नक्षी बाकाच्या सावलीत नीट दिसेना. काका उकिडवे बसले, आजूबाजूला पाहिलं, आणि डाव्या बुटात हात घातला. हात मनगटापर्यंत आत, आणि गृहस्थांनी डोळे उघडले.

"काय शोधताय?"

"कॅमेरा," काका खरं तेच बोलले.

गृहस्थांनी काकांच्या डोक्याकडे पाहिलं, बुटातल्या हाताकडे पाहिलं, आणि फार समंजसपणे म्हणाले, की मिळाला तर कळवा. मग बूट हातात घेऊन ते अनवाणीच निघून गेले. काकांना रात्रभर त्यांच्या पायाची आठवण येत राहिली. सात होता.

शुक्रवारी काकांनी आशा सोडली आणि दुकानात आले, तर दुकानाबाहेर गर्दी. गर्दी म्हणजे मालकांनी सेल लावला होता तेव्हाही झाली नव्हती एवढी. मालक दारात हात जोडून उभे होते, चेहऱ्यावर अर्धा आनंद, अर्धी भीती. वादळताईंनी दोघांना त्यांनी न मागितलेले सँडल बांधूनही दिले होते. लोकांचं म्हणणं एकच होतं. आम्हाला कॅमेरेवाले बूट दाखवा.

"कसले कॅमेरेवाले?" मालक विचारत होते.

"ते हो, ज्याच्यावर कॅमेरा मोफत आहे. आमच्या पीटीच्या बाईंना मिळाला की," एक बाई म्हणाल्या.

काका गर्दीत घुसले. कोण पीटीच्या बाई, कुठल्या शाळेच्या, असं ते विचारतायत तोच गर्दीच्या मागून एक करकरीत शिट्टी वाजली. सबंध गर्दी, कोणी न सांगता, उंचीप्रमाणे ओळीत उभी राहिली. मालकही राहिले. त्या ओळीच्या कडेने एक उंच, काटक बाई गळ्यात शिट्टी अडकवून पुढे आल्या आणि त्यांनी गल्ल्यावर साबणाच्या वडीएवढा काळा कॅमेरा ठेवला.

"भेट द्यायची तर नीट तरी द्यायची," पीटीच्या बाई म्हणाल्या. "चार्जर कुठे आहे याचा? पहिल्या दिवसापासून बंद पडलाय."

नंबरकाकांनी कॅमेरा उचलला आणि दोन्ही हातांत धरून गालाला लावला. एवढं पाहिल्यावर वेगळं काही सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाईंचा कडक चेहरा हळूहळू मोडत गेला आणि शेवटी त्यांनी कपाळाला हात लावला. बूट त्यांनी सासऱ्यांसाठी घेतले होते. सासरे म्हणत होते डावा चावतोय. बाई म्हणत होत्या नवा बूट चावतोच, जोर लावा. नुसत्या म्हणत नव्हत्या, त्यांनी सासऱ्यांना दंडाला धरून एक-दोन, एक-दोन करत जोर लावायला लावला होता. शेवटी सासऱ्यांनी संतापून बूट उलटा करून आपटला, तेव्हा आतून कॅमेरा पडला. मग घरात आनंदीआनंद झाला, आणि बाईंनी ही बातमी शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत सांगितली. पुढचं सगळं दारात उभंच होतं.

मालकांनी लोकांची समजूत घातली आणि रिकाम्या हाताने कोणी जाऊ नये म्हणून प्रत्येकाला बूट चढवायची एकेक पट्टी दिली. लोक कॅमेऱ्यासाठी आलेले, पट्टी घेऊन गेले, आणि तरी खूश होते. फुकट ते फुकट.

काकांनी खणातून चार्जर काढला. बॅटरीत धुगधुगी येताच मालक, वादळताई आणि पीटीच्या बाई त्यांच्या डोक्यावरून वाकले. बहिणींचा फोटो आला. म्हणजे बहिणी त्यात असणार, पण दिसत नव्हत्या. ऐन त्या क्षणी मालक खुर्ची उचलायला पुढे आले होते, आणि चौकट या कडेपासून त्या कडेपर्यंत मालकांच्या पोटाने व्यापली होती. शर्टाचं शेवटून दुसरं बटण तेवढं सुरेख, कणाकणाने स्पष्ट आलं होतं.

"कापड चांगलं दिसतंय हो," मालक ओशाळून म्हणाले.

काकांना हसू येईना, रडू येईना. आठवडाभराची धावपळ, डोक्यावरचे केस, बागेतली अब्रू, हे सगळं या बटणासाठी. ते नुसतेच पुढचे फोटो सरकवत राहिले. कॅमेरा बंद करायला कोणी नव्हतंच, तो खोक्यातही इमानाने फोटो काढत राहिला होता. काळा. काळा. पुन्हा काळा. वादळताई म्हणाल्या, पुसून टाका, उगाच जागा अडते. आणि पुढच्या फोटोवर काकांचा अंगठा थांबला.

फोटो बुटाच्या आतून होता. चौफेर बुटाची तपकिरी कड, एखाद्या विहिरीच्या काठासारखी. त्या विहिरीत वरून एक पाय उतरत होता. आधी अंगठा, प्रचंड, डोंगराएवढा, त्याच्या मागे चार बोटं भेदरल्यासारखी एकमेकांना चिकटलेली. करंगळी तर माघारी फिरायच्या बेतात. आणि त्या पायाच्या पलीकडे, उंच वर, छताच्या उजेडात सासऱ्यांचा चेहरा, डोळे घट्ट मिटून, दात आवळून. शेजारी पीटीच्या बाई, तोंडात शिट्टी, गाल फुगलेले, सासऱ्यांच्या दंडाला लटकलेल्या. दोघांनाही फोटोची गंधवार्ता नाही. पोटं जागच्या जागी.

जन्मभर काकांनी पाय बाहेरून पाहिला होता. बुटाला तो कसा दिसतो, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी दिवसाकाठी हे कितीदा घडवून आणलं होतं, हसतमुखाने, पट्टी लावून. "बिचारा," ते अस्फुट पुटपुटले. पीटीच्या बाईंना वाटलं सासऱ्यांना म्हणतायत.

फोटो लावायचा तर परवानगी हवी. बाई स्वतःपुरत्या केव्हाच हो म्हणाल्या होत्या, कारण त्यांना हसून हसून उभं राहवत नव्हतं. सासऱ्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, की नखं कापलेली दिसतायत ना. कापलेली होती. परवानगी मिळाली.

रविवारी काका फोटो घेऊन मंडळात गेले ते धाकधूक घेऊनच. त्यांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी आधीच सांगून टाकलं, की हा मी काढलेला नाही. अध्यक्षांनी प्रश्न विचारला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबले.

"मग कोणी काढला?"

"कॅमेऱ्याने. आपला आपण."

"आणि तुम्ही कुठे होता?"

"घरी असेन. चहात मीठ घालत होतो बहुतेक."

अध्यक्षांनी फोटो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला, मान एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने केली. सासऱ्यांचे आवळलेले दात त्यांनी विशेष बारकाईने पाहिले. मग म्हणाले, की आपण नाही का कॅमेरा झाडाला बांधून घरी जेवायला येत, आणि पक्षी आला की तो फोटो आपलाच म्हणत. इथे झाड नव्हतं, बूट होता, एवढंच. आणि वरचा उजवा सुळा तपासून घ्यायला सांगा यांना.

फोटो लागला. खिळा मंडळाच्या चिटणिसांनी ठोकला, त्यात अंगठ्यावर हातोडी मारून घेतली, आणि काका त्या अंगठ्याकडे अपार प्रेमाने पाहत राहिले. फोटोखाली साहित्याची चिठ्ठी लावायची पद्धत होती. बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांवर लांबलचक आकडे होते. काकांच्या चिठ्ठीवर कॅमेऱ्याचं नाव आणि खाली फक्त "आधार: डावा बूट, आठ नंबर."

प्रदर्शनाच्या दिवशी काका बायकोला घेऊन गेले आणि काही माहीतच नाही असं दाखवत त्या फोटोसमोरून चालत गेले. मग वळून पुन्हा चालत गेले. असं पाचव्यांदा झाल्यावर बायकोने त्यांचा हात धरून त्यांना फोटोपुढे उभं केलं. तिथे लोकांचा घोळका होता आणि मधोमध सासरे, नव्या तपकिरी बुटांत, तो अंगठा माझा आहे, असं एकेकाला समजावून सांगत होते.

"चांगला आलाय हो," बायको म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पण यापुढे माझ्या पायात बूट चढवताना जपून."

त्याच्या पुढच्या आठवड्यात, दुपारच्या शांत वेळी, दुकानाच्या पायपुसण्यावर बॅगेच्या चाकांचा आवाज आला. काकांनी सवयीने खाली पाहिलं, पण पाय बघायच्या आधीच अध्यक्ष खुर्चीत बसले होते आणि बॅगेतून ती अगडबंब लेन्स दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेत होते. तिवई आता खांद्याला झेपत नाही, असं ते इकडेतिकडे बघत, फार हळू आवाजात म्हणाले. काही मजबूत, रुंद पंजाचं असलं तर बघायला आलो होतो.

नंबरकाका त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. लेन्स हातात घेतली, बुडाशी, मध्ये आणि तोंडाशी मापाच्या पट्टीने मापली, डोळे किलकिले केले आणि म्हणाले, अकरा. माळ्यावरून एक उंच गमबूट आणला. लेन्स हलक्या हाताने आत सरकवली, पुढे अंगठ्याने दाबून जागा पाहिली, मागे टाचेशी एक बोट घालून पाहिलं. मग मान वर केली.

"लागत नाही ना कुठे?"

अध्यक्षांनी लेन्सकडे जरा वेळ पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "आरामात आहे."

"थोडं फिरवून बघा दुकानात," काका म्हणाले.

आणि अध्यक्ष गमबूट छातीशी धरून आरशापर्यंत जाऊन आले.